इंजिन बसलं आणि कंपनी म्हणते चूक तुमची

मी बरीच वर्षं एका गाडी कंपनीच्या वॉरंटी विभागात होते. वर्कशॉपकडून आलेले दावे वाचायचे, फोटो बघायचे, कधी मोडलेले सुटे भाग भिंगाखाली धरायचे आणि शेवटी मंजूर की नामंजूर ते लिहायचं, हे माझं काम. आता मी गाडीमालकांच्या बाजूने तेच भाग तपासते. त्यामुळे नामंजुरीचं पत्र कसं तयार होतं आणि ते कुठे सैल असतं, हे मला दोन्हीकडून माहीत आहे.

वॉरंटीच्या भांडणात इंजिन गेलं की नाही यावर वाद नसतो, ते तर समोर बंद पडलेलं असतं. वाद असतो तो कशामुळे गेलं यावर. आणि हे कारण जो पहिल्यांदा कागदावर उतरवतो, त्याचंच म्हणणं बहुधा शेवटपर्यंत टिकतं. बहुतेक प्रकरणांत ते उतरवतो सर्व्हिस अ‍ॅडव्हायजर, म्हणजे वर्कशॉपमध्ये गाडी नोंदवून घेणारा माणूस, गाडी आत आल्या-आल्या, इंजिनाचा एक बोल्टही न उघडता. ‘ऑइल कमी असल्याने इंजिन सीझ’, म्हणजे जाम, एवढे शब्द जॉब कार्डवर, गाडीच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, पडले की पुढचा प्रत्येक माणूस तेच वाक्य पुढे ढकलतो. मीही टेबलावर बसून असली जॉब कार्डं रोज वाचत असे. म्हणून खाली जे सांगते आहे त्याचा रोख एकच आहे: कारण ठरण्याआधी पुरावा तुमच्या हातात असला पाहिजे.

रस्त्यावर असताना

तेलाच्या डब्याचं चित्र असलेला लाल दिवा लागला तर तो तेलाच्या दाबाचा इशारा असतो. पातळीचा दिवा बऱ्याच गाड्यांत वेगळा आणि पिवळा असतो. क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, आणि त्याला आधार देणारी बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा अगदी पातळ थर असतो, दाब गेला की तो थर जातो आणि धातू धातूवर घासतो. गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या आणि तिथेच इंजिन बंद करा. पुढच्या पंपापर्यंत नेऊ, घर जवळच आहे, हे नको. नुकसान वाढतं ते वेगळंच, पण नामंजुरीच्या पत्रातलं लाडकं वाक्य इथेच जन्माला येतं: ‘इशारा मिळूनही चालकाने वाहन चालवले.’ हे त्यांना कळतं कसं? गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, बिघाडाच्या कोडसोबत त्या क्षणाचा वेग, इंजिनाचे फेरे, कूलंटचं तापमान अशी नोंद साठवतो. ती नोंद तुमच्या विरुद्ध जाते तशी तुमच्या बाजूनेही जाते. दिवा लागताच तुम्ही गाडी थांबवली असेल तर त्याचा हाच साक्षीदार. म्हणून वाटेत भेटलेल्या मेकॅनिकला कोड पुसू देऊ नका आणि बॅटरीची वायर काढू देऊ नका. कोणाकडे स्कॅनर असेल तर फक्त वाचायला सांगा आणि स्क्रीनचा फोटो घ्या.

साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली असेल तर सेल्फ अजिबात मारू नका. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की त्याला क्रँकशाफ्टशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. हा कंपनीच्या दोषाचा विषय नाही, विम्याचा आहे, आणि विम्यातही इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलेलं आहे का हे बघावं लागतं. पाण्याच्या प्रकरणात कंपनीशी भांडून वेळ घालवू नका.

बाकीच्या प्रकरणांत टोचनवाला येईपर्यंत मोबाइल काढा. किल्ली फक्त इग्निशनवर ठेवून डॅशबोर्डवरचे दिवे आणि किलोमीटर एकाच फोटोत घ्या. आवाज रेकॉर्ड करायला म्हणून इंजिन परत सुरू करू नका. गाडी सपाट जागेवर असेल तर थोडं थांबून ऑइलची पट्टी काढा, पुसा, परत घालून काढा आणि फोटो घ्या. तारीख-वेळ दिसेल असा. हा एक फोटो मी पाहिलेल्या कित्येक प्रकरणांत निर्णायक ठरला असता आणि तो कोणी काढलेलाच नसतो. मग खाली वाकून चेंबरचा, म्हणजे ऑइल सम्पचा फोटो. दगड लागून चेंबर चेपला हे कारण कंपनीकडे नेहमी तयार असतं आणि ओढताना लागलेला मार नंतर वेगळा काढता येत नाही. शक्य असेल तर गाडी सपाट फळीच्या टोचनवर चढवूनच न्या. ऑटोमॅटिक गाडी चाकांवर ओढली तर गिअरबॉक्सचं दुसरंच प्रकरण उभं राहतं.

गाडी कुठे न्यायची? वॉरंटी चालू असेल, किंवा संपून थोडाच काळ झाला असेल, तर अधिकृत वर्कशॉपमध्येच. बाहेरच्या गॅरेजवाल्याचा हात कितीही चांगला असला तरी त्याने आधी इंजिन खोललं की कंपनीला ‘पुरावा नष्ट झाला’ म्हणायला मोकळीक मिळते.

जॉब कार्ड आणि पडद्यामागचा व्यवहार

जॉब कार्डवर ग्राहकाची तक्रार लिहायची जागा असते. तिथे काय झालं तेवढंच लिहा, का झालं ते लिहू नका. ‘समान वेगात चालत असताना खालून टकटक आवाज आला, लाल दिवा लागला, लगेच बाजूला घेऊन बंद केली, त्यानंतर सुरू केलेली नाही.’ बस. ‘बहुतेक ऑइल संपलं असेल’ हे तुमच्या तोंडून गेलं की ते तुमचं कबुलीपत्र होतं. अ‍ॅडव्हायजरने स्वतःच्या भाषेत काही लिहिलं असेल तर सही करण्यापूर्वी वाचा. गाडी आत घेताना ऑइलची पातळी, कूलंटची पातळी, किलोमीटर आणि साठलेले कोड यांची नोंद तुमच्यासमोर व्हावी, आणि त्याची प्रत हातात पडावी.

आता हा अ‍ॅडव्हायजर तुमचा वैरी नाही, पण त्याची अडचण समजून घ्या. वॉरंटीत केलेल्या कामाचे पैसे वर्कशॉपला कंपनीकडून मिळतात. कंपनीने दावा नाकारला तर तो खर्च वर्कशॉपच्या गळ्यात पडू शकतो. इंजिनासारखं मोठं काम म्हणून तो आधी पूर्वमंजुरी मागतो. मंजुरी देणारा माणूस गाडी बघतोच असं नाही. त्याच्यासमोर असतात काही फोटो, सर्व्हिसचा इतिहास आणि अ‍ॅडव्हायजरने लिहिलेल्या दोन ओळी. फोटो धूसर, इतिहासात एक फट आणि ओळीत ‘ऑइल कमी’ असेल तर नकार द्यायला चहा संपायचीही वाट बघावी लागत नाही.

म्हणून विचारायचे प्रश्न हे: पूर्वमंजुरीची विनंती कधी पाठवली? त्यात बिघाडाचं वर्णन काय लिहिलं? कंपनीचा तांत्रिक अभियंता प्रत्यक्ष गाडी बघणार आहे का? हे ईमेलने विचारा. फोनवर बोलणं झालं तर त्याच दिवशी ‘आपल्या बोलण्यात ठरलं ते असं’ म्हणून ईमेल टाका. आणि पहिल्या दिवसापासून कंपनीच्या ग्राहक विभागाला त्यात घ्या, तिथला तक्रार क्रमांक प्रत्येक पत्रावर लिहा. नाहीतर वर्कशॉप म्हणतं कंपनी ठरवेल, कंपनी म्हणते वर्कशॉपशी बोला, आणि तुमची गाडी कोपऱ्यात धूळ खात राहते.

इंजिन उघडण्याआधी

खरी लढाई इथे आहे. वर्कशॉप तुमच्याकडे एक कागद सरकवेल: इंजिन उघडून बघू, वॉरंटीत बसलं नाही तर उघडण्याची मजुरी तुमची. हा कागद सरसकट नाकारू नका, उघडल्याशिवाय कारण कळणारच नाही. पण कोऱ्या मनाने सहीही करू नका. त्यासोबत तुमचं पत्र जोडा. मी साधारण असं लिहायला सांगते:

‘चासी नंबर अमुक, किलोमीटर अमुक असलेले माझे वाहन अमुक तारखेला आपल्या ताब्यात दिले आहे. इंजिन उघडण्यास माझी संमती पुढील अटींवर आहे. उघडण्याची तारीख व वेळ मला आधी लेखी कळवावी. मी किंवा माझा तज्ज्ञ हजर राहील. उघडण्यापूर्वी इंजिन ऑइल व कूलंट यांचे नमुने दोन-दोन बाटल्यांत, उभयतांच्या सह्यांनी सीलबंद करावेत व एक-एक बाटली मला द्यावी. ऑइल फिल्टर फेकू नये. प्रत्येक टप्प्याचे फोटो काढावेत. वाद मिटेपर्यंत कोणताही भाग धुऊ, घासू, कापू किंवा लेखी पूर्वसूचनेशिवाय बाहेर पाठवू नये. ही संमती म्हणजे खर्चाची जबाबदारी मान्य केल्याचे समजू नये.’

यातल्या काही अटींवर वर्कशॉप कुरकुर करेल. शेवटची ओळ आणि नमुन्यांची ओळ मात्र सोडू नका.

ऑइलचा नमुना कसा घ्यायचा, याला थोडी पद्धत आहे. चेंबरचा बोल्ट काढल्यावर पहिली धार तळाचा गाळ घेऊन येते. ती जाऊ द्यायची आणि मधल्या धारेतून कोरड्या, स्वच्छ बाटलीत सुमारे १०० मिलिलिटर घ्यायचं. इंजिन खालून उघडायचं नसेल तर पट्टीच्या नळीतून छोट्या पंपाने ओढता येतं. प्रयोगशाळा त्यात लोह, तांबं, शिसं, अ‍ॅल्युमिनियम, सिलिकॉन, सोडियम यांचं प्रमाण आणि तेलाचा जाडपणा सांगते. तांबं-शिसं म्हणजे बेअरिंगची झीज. सिलिकॉन वाढलेलं म्हणजे बहुधा धूळ आत गेली, एअर फिल्टरकडे बघा. सोडियम किंवा पोटॅशियम म्हणजे कूलंट तेलात आलं असण्याची शक्यता. इंधन मिसळलेलं असेल तर तेल पातळ झालेलं दिसतं आणि इंजेक्टरचा संशय येतो.

पण एक मेख आहे. नेहमीच्या या तपासणीत अगदी बारीक कणच मोजले जातात, साधारण ५ ते १० मायक्रॉनपर्यंतचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). अचानक तुटलेल्या बेअरिंगचे मोठे कपचे तिथे दिसत नाहीत, ते फिल्टरमध्ये अडकतात. म्हणून फिल्टर कापून त्याचा कागद उलगडायचा आणि चुंबक फिरवायचं. चिकटला तर लोखंड-पोलाद, चकाकतो पण चिकटत नाही तर बेअरिंगचं अस्तर किंवा अ‍ॅल्युमिनियम. फिल्टर कचऱ्यात गेलेला असेल तर अर्धी गोष्ट कचऱ्यात गेली.

मोडलेले भाग काय बोलतात

तुम्हाला अभियंता व्हायची गरज नाही, पण इंजिन उघडताना समोर उभे असाल तर काय बघायचं ते माहीत हवं. मी हजर राहते तेव्हा नजर आधी बेअरिंगांवर जाते. सगळी काढून, कुठल्या सिलिंडरचं कुठलं ते लिहून, ओळीने मांडायला सांगा. सगळीच थोड्याफार प्रमाणात सारखी घासलेली असतील आणि क्रँकशाफ्टवर निळसर-काळे डाग असतील तर तेलाचा पुरवठाच तुटला होता. मग प्रश्न येतो की का तुटला: तेल नव्हतं, पंप गेला, की पंपाच्या तोंडाची जाळी बुजली? याउलट एकच बेअरिंग जळून फिरलेलं, आणि शेजारची जवळजवळ नव्यासारखी असतील, तर ‘ऑइल कमी होतं’ या कारणाला स्पष्टीकरण द्यावं लागेल. कमी तेल फक्त दोन नंबरच्या सिलिंडरलाच कसं नडलं? अशा वेळी त्या जागची तेलवाहिनी, तिथलं मशीनिंग, तिथली फट यांकडे बोट जातं, आणि ही बाजू कारखान्याची.

जाळीवर काय अडकलं आहे तेही बघा. काळा चिकट गाळ असेल तर तेल वेळेवर न बदलल्याचा संशय रास्त आहे. पण रबराचे तंतू असतील तर? काही इंजिनांत टायमिंगचा पट्टा तेलातच फिरतो. पट्टा झिजला की त्याचे तुकडे जाळी बुजवतात आणि दाब पडतो. प्युजो-सित्रोएनच्या १.२ लिटर प्युअरटेक इंजिनात हेच घडत होतं. २०२४ मध्ये या गाड्यांची मालक कंपनी स्टेलँटिसने युरोपात त्यासाठी संरक्षण १० वर्षं किंवा १,७५,००० किलोमीटरपर्यंत वाढवलं, अर्थात देखभाल ठरल्याप्रमाणे झाली असेल तर.

पिस्टनला भोक पडलं असेल किंवा कड वितळली असेल तर ज्वलनात गडबड होती. एकाच पिस्टनला असेल तर त्या सिलिंडरच्या इंजेक्टरची तपासणी व्हायलाच हवी. पिस्टनच्या पिनेच्या दोन्ही बाजूंना, चार कोपऱ्यांत ओरखडे असतील तर इंजिन तापलेलं होतं. मग पुढचा प्रश्न हा की आधी काय गेलं: गॅस्केट उडालं म्हणून तापलं, की कूलंट गळून तापलं म्हणून गॅस्केट उडालं? वॉटर पंप, रेडिएटर आणि थर्मोस्टॅट बाजूला ठेवायला सांगा. ते नेहमी आधी भंगारात जातात.

कनेक्टिंग रॉड किंवा बोल्ट तुटला असेल तर तुटलेले दोन तुकडे जुळवून बघायचा मोह सगळ्यांना होतो. तसं करू देऊ नका. तुटलेल्या पृष्ठभागावर लिहिलेलं असतं की भेग हळूहळू वाढत गेली की एका दणक्यात तुटलं. हळू वाढलेली भेग ओहोटीच्या वाळूवर उमटतात तशा वक्र रेघा सोडते, एकदम तुटलेला भाग खरखरीत दाणेदार दिसतो. दोन तुकडे एकमेकांवर घासले की हे वाचता येत नाही. तसाच कोरड्या पिशवीत ठेवायचा, वेगवेगळा. कंपनीला तो कापून तपासायचा असेल तर कापण्यापूर्वी तुम्हाला सूचना आणि कापल्यावर अहवालाची प्रत मिळाली पाहिजे.

स्वतंत्र तज्ज्ञ नेमायचा असेल तर उघडण्याच्या दिवशीच न्या. नंतर फोटो बघून दिलेलं मत कंपनीचा वकील सहज उडवतो. आणि अहवालात फक्त ‘उत्पादनदोष’ असा शिक्का नको. काय पाहिलं, कोणकोणती कारणं शक्य होती, त्यातली कोणती कशाच्या आधारावर वगळली, आणि उरलं ते कारण कोणतं, असा क्रम हवा. वगळण्याचा भाग नसलेला अहवाल मी स्वतः टेबलावर असताना फार मनावर घेत नसे.

कंपनी सांगते ती कारणं

सर्व्हिसला उशीर. हे सगळ्यात जास्त वापरलं जातं. उशीर झाला असेल तर तो लपवू नका, पण विचारा की त्या उशिराचा या बिघाडाशी संबंध काय. एखादी सर्व्हिस काही शे किलोमीटर पुढे गेली आणि व्हॉल्व्हची स्प्रिंग तुटली, तर या दोन गोष्टींना जोडणारा धागा कंपनीने दाखवायला हवा. इंजिनभर गाळ साचला असेल तर मात्र धागा उघड आहे. ऑइल भरायचं झाकण उघडून आत टॉर्च मारा: धातू मधासारख्या रंगाचा, स्वच्छ दिसतो की काळ्या लगद्याने माखलेला, याचा फोटो पहिल्याच दिवशी घ्या. लगदा असेल आणि सर्व्हिसची बिलं नसतील तर माझा स्पष्ट सल्ला असा की भांडणावर खर्च करू नका, मिळेल ती सवलत मागून दुरुस्ती करा.

बाहेरून केलेली सर्व्हिस. बिलावर गाडीचा नंबर, तारीख, किलोमीटर, तेलाचा ग्रेड आणि मानक लिहिलेलं असेल तर हे कारण बरंच लंगडं पडतं. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने तर वॉरंटी टिकवण्यासाठी अमुकच कंपनीचा भाग किंवा सेवा घ्या अशी सक्ती करायला सर्वसाधारणपणे मनाईच केली आहे. स्वतः तेल बदलत असाल तर डबा, पावती आणि ओडोमीटर यांचा एकत्र फोटो ठेवत जा.

तेल कमी. इथे दोन्ही बाजूंना धार आहे. काही कंपन्यांच्या पुस्तिकेत हजार किलोमीटरला अर्धा ते एक लिटरपर्यंत तेल जळणं स्वीकारार्ह म्हटलेलं असतं. चार लिटर तेलाचं इंजिन एक लिटरच्या हिशेबाने ४,००० किलोमीटरमध्ये कोरडं पडेल, आणि सर्व्हिस मात्र १०,००० ला. तुम्ही हे दाखवलं की कंपनी पुस्तिकेतली पुढची ओळ दाखवते: पातळी नियमित तपासावी. म्हणून गाडी तेल पिते असं लक्षात आल्यापासून तारीख, किलोमीटर आणि किती भरलं याची नोंद ठेवा, आणि तक्रार तेव्हाच जॉब कार्डवर चढवा. वॉरंटीच्या काळात नोंदवलेली तक्रार पुढे वॉरंटी संपल्यावरही कामाला येते.

खराब इंधन. नमुना कुठून, कधी घेतला, सील कोणी केला, कुठल्या चाचणीत काय आलं? याची उत्तरं नसतील तर तो अंदाज आहे. आणि इंधन खराब असणं म्हणजे गाडी निर्दोष असणं असंही नाही. नव्वदच्या दशकात बीएमडब्ल्यूच्या व्ही-८ इंजिनांच्या सिलिंडरला निकासिल नावाचा लेप होता. गंधक जास्त असलेल्या इंधनाने तो खराब होत असे. दोष पेट्रोलचा की पेट्रोलला न टिकणाऱ्या लेपाचा? शेवटी कंपनीने लेपाची ती पद्धत सोडली.

ईसीयूमध्ये बदल केलेला असेल, ज्याला मुलं ‘रिमॅप’ म्हणतात, तर लपणार नाही. ईसीयूत किती वेळा लिहिलं गेलं याची मोजणी बऱ्याच गाड्यांत असते. मूळ सॉफ्टवेअर परत भरून गाडी नेणाऱ्यांच्या फायली मी पाहिल्या आहेत. त्या पातळ असत.

हा दोष आधीच माहीत आहे का?

पहिल्या आठवड्यातच चासी नंबर टाकून रिकॉल, म्हणजे दोषासाठी कंपनीने अशा गाड्या परत बोलावल्या आहेत का, ते तपासा. ‘रिकॉल नाही’ म्हणजे दोष नाही असं नाही, तो अजून मान्य झालेला नसेल. अमेरिकेत एनएचटीएसए ही रस्तेसुरक्षा संस्था रिकॉलबरोबरच कंपन्यांनी वर्कशॉपना पाठवलेली तांत्रिक परिपत्रकंही लोकांना बघायला खुली ठेवते. तुमचं इंजिन तिकडे विकलं जात असेल तर तिथे शोधा, देश दुसरा असला तरी धातू तोच असतो. मात्र कारखाना आणि बनवल्याचा काळ जुळतो का ते बघा.

मोठ्या कंपन्यांनीही हे मान्य केलेलं आहे. ह्युंदाईने २०१५ मध्ये अमेरिकेत २०११-१२ च्या सोनाटा परत बोलावल्या. क्रँकशाफ्टच्या तेलवाहिन्यांत मशीनिंगमधला धातूचा कीस राहून बेअरिंग जात होती. पुढे खटल्याच्या तडजोडीत त्या गाड्यांतल्या थीटा-२ इंजिनांच्या शॉर्ट ब्लॉकला, म्हणजे हेडशिवायच्या खालच्या भागाला, आजीवन वॉरंटी मिळाली, पण ठोका ओळखणारं नवं सॉफ्टवेअर भरून घेण्याच्या अटीवर. २०२४ मध्ये टोयोटाने याच कारणासाठी, कारखान्यात राहिलेल्या कीसासाठी, टुंड्रा आणि लेक्सस एलएक्स मिळून सुमारे १,०२,००० गाड्या बोलावल्या. २०२५ मध्ये जनरल मोटर्सने ६.२ लिटर व्ही-८ इंजिनाच्या लाखो गाड्यांसाठी रिकॉल काढला, रॉड आणि क्रँकशाफ्टच्या दोषामुळे. ही उदाहरणं पत्रात घालून उपयोग नाही, तुमचं इंजिन वेगळं आहे. पण ‘कारखान्यातून असा दोष येऊच शकत नाही’ असं कोणी छातीठोकपणे सांगितलं तर मनात असू द्या.

अजून एक आतली खूण. गेलेल्या भागाचा पार्ट नंबर आणि आता मागवलेल्या नव्या भागाचा पार्ट नंबर ताडून बघा. शेवटचं अक्षर किंवा आकडा बदलला असेल तर मधल्या काळात त्या भागात काहीतरी बदल झाला आहे. हा पुरावा नव्हे, पुरवठादार बदलला तरी नंबर बदलतो. पण ‘हा भाग का बदलला?’ एवढा लेखी प्रश्न विचारायला काय हरकत आहे?

वॉरंटी संपली असेल तर

वॉरंटीबाहेरही कंपनी खर्चाचा काही वाटा उचलते, त्याला आत ‘गुडविल’ म्हणतात. हा हक्क नाही, म्हणून तो रागाच्या पत्राने मिळत नाही. गाडीचं वय, किलोमीटर, अधिकृत सर्व्हिसचा सलग इतिहास आणि त्याच कंपनीच्या आधीच्या गाड्या, हे बघून टक्केवारी ठरते. पहिला देकार क्वचितच शेवटचा असतो. भागांचा पूर्ण खर्च कंपनीचा आणि मजुरी तुमची, असा मधला मार्ग तुम्हीच सुचवा. स्वीकारताना ‘पूर्ण व अंतिम समझोता’ असा कागद येईल. त्यात नव्या इंजिनाबद्दलची तक्रारही तुम्ही सोडून देत नाही आहात ना, ते वाचा. आणि विस्तारित वॉरंटी घेतली असेल तर ती देणारी संस्था कोण आहे ते बघा. पुष्कळदा ती गाडी कंपनीची नसून विमा कंपनीची असते आणि पत्र चुकीच्या दारात पडतं.

कायद्याकडे जाताना

दुरुस्तीच्या वॉरंटीशिवाय कायद्याने मिळणारं संरक्षण वेगळं असतं, आणि ते कोणाविरुद्ध आहे हे देशागणिक बदलतं. युरोपीय संघात नव्या गाडीसाठी किमान दोन वर्षं विक्रेता जबाबदार असतो, आणि पहिल्या वर्षात दिसलेला दोष मुळातच होता असं धरलं जातं; तो नव्हता हे विक्रेत्याने दाखवायचं. ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्यात हा काळ सहा महिने आहे. अमेरिकेत सदोष गाड्यांसाठी राज्याराज्यांचे ‘लेमन’ कायदे आहेत. भारतात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत जावं लागतं, तक्रार तुम्ही राहता तिथल्या आयोगात करता येते, आणि वस्तूतला दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. विक्रेता आणि उत्पादक दोघांनाही पक्षकार करा. एकालाच केलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळा होतो.

वाट बघताना मुदत सरकत असते. ‘वरिष्ठांकडे पाठवलं आहे’ या उत्तराने मुदत थांबत नाही. त्या काळात वर्कशॉप पार्किंगचं भाडं लावायला लागलं तर लेखी हरकत घ्या: गाडी त्यांच्या निर्णयासाठी उभी आहे. उघड्या सिलिंडरला गंज चढतो, म्हणून तेल लावून झाकून ठेवायचं पत्रही द्या, नाहीतर पुढे तो गंजही तुमच्या खात्यावर येईल.

मंजूर झाल्यावर

नवं इंजिन मिळणार की दुरुस्त केलेलं, शॉर्ट ब्लॉक की हेडसकट पूर्ण, हे लेखी घ्या. त्यावर वॉरंटी किती आणि कुठल्या तारखेपासून, तेही. जुना ऑइल कूलर आणि टर्बो तसेच परत बसवत असतील तर थांबवा: जुन्या बेअरिंगचा कीस त्यांत अडकलेला असतो आणि तोच नव्या इंजिनात जातो. तेलाच्या नळ्याही बदलून किंवा नीट धुऊन घ्यायला सांगा आणि ते बिलावर लिहून घ्या. इंजिन नंबर बदलला असेल तर नोंदणीपत्र आणि विमा, दोन्हीकडे तो बदलून घ्या. त्यासाठी वर्कशॉपचं पत्र लागतं, ते गाडी ताब्यात घेतानाच मागा. आणि तुम्ही खर्चाचा काही वाटा भरला असेल व परतावा यायचा असेल, तर तो खात्यात जमा होईपर्यंत जुने भाग त्यांच्या हवाली करू नका.